केन्याचे पोटहिस्से

खोली दाखवण्याआधी घरमालकांनी मला मागचे अंगण दाखवले. अंगणात रॉकेलचे कापलेले डबे तीन ओळींत मांडले होते. एकूण छत्तीस डबे, आणि सगळ्यांत एकच तण: केना. पावसाळ्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही शेतात दिसणारा, निळ्या फुलांचा, जमिनीला धरून पसरणारा केना. त्याचे पेर जिथे मातीला टेकते तिथे तो मूळ धरतो. निंदणाऱ्या बाया तो उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकतात, आणि तो धुऱ्यावर जगतो.

"या ओळीतला अन् त्या ओळीतला फरक सांगा," ते म्हणाले.

मला फरक दिसला नाही. मी तसे सांगितले.

"ठीक. खोली तुमची."

माझ्याआधी खोली पाहायला आलेल्या एका कारकुनाने फरक दिसतो असे सांगितले होते. "खूण काय?" असे विचारल्यावर त्याला खूण दाखवता आली नाही. त्याला खोली मिळाली नाही. हे मला नंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने सांगितले.

मी तेव्हा एका दैनिकाचा बुलढाण्याचा बातमीदार होतो. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षे झाली नव्हती. घरमालक भूमापन खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. जिल्हा न सोडता त्यांनी तीन राज्यांची नोकरी केली होती. नोकरीला लागले तेव्हा कागदावर एका प्रांताचा शिक्का होता, निवृत्त झाले तेव्हा तिसऱ्याचा. त्यावर त्यांचे मत एका वाक्याचे होते: "राज्यं बदलले, धुरे नाही." मी त्यांना काकाजी म्हणे. ते मला बातमीदार म्हणत.

तीस वर्षे त्यांनी साखळी ओढून शेतांच्या हद्दी कायम केल्या होत्या. हद्द सांगणारा माणूस कोण आहे, त्याचा आवाज किती मोठा आहे, त्याच्या मागे किती माणसे उभी आहेत, याचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. ते विचारत, खूण काय. दगड, बाभूळ, जुनी चर, काहीतरी दाखवा. निवृत्तीनंतर शेते संपली, प्रश्न उरला. दूधवाल्याने दूध गाईचे आहे म्हटले की ते विचारत, खूण काय. मी बाजार समितीत भांडण झाल्याची बातमी आणली की विचारत, खूण काय. एकाचा फाटलेला सदरा मी स्वतः पाहिला होता, हे सांगितल्यावर त्यांनी बातमी मान्य केली. बातमीदारीतले माझे अर्धे शिक्षण त्या ओसरीवर झाले. उरलेल्या अर्ध्याचा पगार मिळत असे.

शेजारी भाजीवाल्यांचे घर होते. तिथे जुळे मुलगे होते, सात-आठ वर्षांचे. आईसुद्धा हाक मारताना दोन्ही नावे घेई आणि जो येईल त्याला काम सांगे. एकदा देवीची लस टोचणारा आला. त्याने गल्लीतल्या पोरांना रांगेत उभे केले, टोचले, वहीत नावे लिहिली आणि सामान आवरले. काकाजी ओसरीवरून पाहत होते.

"याले दोनदा टोचलं," ते म्हणाले.

"दोघं भाऊ आहेत, काकाजी. जुळे."

"जुळे हायेत, एक नाही. याचा डोक्यातला भोवरा उजवीकडं आहे, त्याचा डावीकडं. उजव्या भोवऱ्यानं दोन्ही हात दिले. डावा भोवरा कोठीत बसला आहे."

डावा भोवरा कोठीत सापडला. उजव्याने भावासाठी दुसऱ्यांदा हात पुढे केला होता, त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिली नाही. टोचणाऱ्याने वही दुरुस्त केली. त्या दिवसापासून तो आमच्या गल्लीत आला की आधी ओसरीकडे पाही.

काकाजींना केन्याचा नाद नोकरीतच लागला होता. मोजणीच्या वेळी सकाळी गडी साखळी धरत, हे नकाशाच्या टेबलाशी उभे राहत, आणि पायांखाली केना असे. डोणगावकडच्या एका मोजणीत धुऱ्याच्या एका बाजूला काळे शेत होते, दुसऱ्या बाजूला मुरमाड माळ. शेतातला केना रुंद पानाचा होता. माळावरचा अरुंद पानाचा, पानाची कड लाटेसारखी. हद्दीवर दोघांच्या दोन वेगळ्या वस्त्या होत्या. "धुऱ्यानं मले दाखवलं," असे ते सांगत. नाल्याकाठचा आणखी एक प्रकार पुढे अमडापूरला सापडला. या तिघांना त्यांनी खात्याच्या पद्धतीने क्रमांक दिले. केना हा मूळ सर्व्हे नंबर. शेतातला पोटहिस्सा एक, नाल्याकाठचा पोटहिस्सा दोन, माळावरचा पोटहिस्सा तीन. डब्यांवर पत्र्याच्या पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांवर हे क्रमांक खिळ्याने कोरले होते.

केन्याचे फूल सकाळी उमलते आणि दुपारच्या आत संपते. ते गळत नाही, वाळत नाही. पाकळ्या विरघळतात आणि बोटाला निळसर पाणी लागते. त्यामुळे आषाढापासून दसऱ्यापर्यंत काकाजी सकाळी कोणाचे नसत. पहाटे माळावर जात, नऊला परत येत, मग डब्यांपाशी उकिडवे बसून एका चौकटीच्या वहीत फुले मोजत. लोकांच्या घरच्या सकाळच्या पूजा त्यांनी वर्ज्य केल्या होत्या. जेवणाच्या पंगतीला मात्र वेळेवर हजर असत. एका जुन्या हद्दीच्या दाव्यात त्यांना साक्षीला बोलावणे आले, सकाळी अकराचे. त्यांनी अर्ज केला की श्रावण चालू असल्याने साक्षीदारास दुपारी दोननंतरची वेळ मिळावी. न्यायाधीशांनी श्रावणाचा अर्थ उपासतापास असा घेतला आणि वेळ दिली. काकाजी कोणताही उपास करत नसत. अर्जात त्यांनी खोटे काही लिहिले नव्हते.

गावात त्यांना विरोधक एकच होता, हायस्कूलचे सायन्स मास्तर. मास्तर संध्याकाळी ओसरीवर येत, चहा घेत आणि मत देत. नाल्याकाठचा केना वेगळा, हे त्यांनी मान्य केले होते. त्याचे फूल ज्या हिरव्या वेष्टनातून बाहेर येते ते मागून उघडे असते, होडीसारखे. शेतातल्या आणि माळावरच्या केन्याचे वेष्टन मात्र तळाशी जुळलेले, फुटाण्याच्या पुडीसारखे. म्हणून हे दोन्ही एकच, असे मास्तरांचे म्हणणे.

"जमिनीचा फरक आहे, काकाजी. मुरमात पान बारीकच होणार. तुम्ही मुरमात राहा, तुम्हीसुद्धा बारीक व्हाल."

"मी तीस वर्षं मुरमातच होतो."

"अन् झालेच ना बारीक?"

काकाजी खरोखरच काटकुळे होते. उत्तर म्हणून त्यांनी डबे आणले. देऊळघाटच्या सासऱ्यांच्या मळ्यातून दोन बैलगाड्या काळी माती आणली आणि तिन्ही केने एकाच मातीत, एकाच उन्हात, एकाच पाण्यावर लावले. दोन पावसाळे झाले तरी तिसऱ्या ओळीच्या पानांची कड सरळ झाली नव्हती. मास्तर म्हणाले, तिसरा पावसाळा पाहू.

यात एक बाजू काकूंची होती, आणि ती मास्तरांपेक्षा भक्कम होती.

काकू देऊळघाटच्या माळ्यांच्या घरातल्या. वांगी, मिरच्या, सांबार यांत वाढलेल्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. लग्नानंतर तीस वर्षे त्या नवऱ्याच्या बदलीच्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहिल्या, आणि तीस वर्षे त्यांनी भाजी विकत घेतली. माळ्याच्या मुलीला याचे काय वाटते हे विकत घेणाऱ्यांच्या घरात कळत नाही. बुलढाण्याला घर बांधले ते मागच्या अंगणासाठी. अंगण तयार झाले आणि त्यात छत्तीस डबे आले.

"भाऊ, तुमीच सांगा," त्या मला म्हणत. "माहे भाऊ तिकडं वावरातून केना काढू काढू थकून राह्यले. अन् हे त्याले लोट्यानं पानी घालते. बाजारात मी वांगे घ्याले गेली तं देऊळघाटच्या बाया हासते. म्हनते, काऊन वो, तुह्या अंगनात काय पेरलं?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? म्हनलं, खात्याचं काम हाये."

शेवटी करार झाला. काकाजींनी तो मोजणीच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिला. वनस्पतिशास्त्राचा कोणी जाणकार प्रत्यक्ष येऊन पोटहिस्सा तीन हा पोटहिस्सा एकपेक्षा वेगळा असल्याचे लेखी देईल, तर अंगण तहहयात काकाजींचे. तसे लेखी न मिळाल्यास दसऱ्याच्या आत सर्व डबे हलवून अंगण काकूंच्या ताब्यात द्यावे. दोघांच्या सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी सही केली. जाणकार आणण्याचे कामही माझ्याकडे आले, कारण पत्र लिहिणे हा माझा धंदा होता.

नागपूरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना मी पत्र लिहिले. ते भाद्रपदात अजिंठ्याच्या डोंगरात वनस्पती गोळा करायला येत असत. त्यांचे कार्ड आले. गुरुवारी मलकापूरला रेल्वेने उतरून पहिल्या एसटीने नऊ वाजता बुलढाण्यास पोचतो, चारच्या गाडीने पुढे जायचे आहे. काकाजींनी कार्ड तीनदा वाचले. नऊची वेळ त्यांना पसंत पडली.

गुरुवारी सकाळी मी स्टँडवर उभा होतो. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला खालून आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितले की मलकापूरची गाडी राजूरच्या घाटात बंद पडून उभी आहे, प्रवासी खाली उतरून सीताफळे खात आहेत. मी घरी निरोप दिला.

काकाजींनी निरोप शांतपणे ऐकला आणि ते कामाला लागले. त्यांनी पोती ओली करून तिसऱ्या ओळीवर आडोसा केला. वर छत्री धरली. फुलांना सकाळच आहे असे वाटावे, हा हेतू होता. तासाभराने त्यांनी छत्री मला दिली आणि स्वतः पोत्यांवर पाणी शिंपडत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होत्या. बोलण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांच्या बाजूने ऊन बोलत होते. बाराच्या सुमारास पहिल्या फुलाची पाकळी ओली झाली. साडेबाराला एकही फूल उरले नाही. शेतातल्या आणि नाल्याकाठच्या केन्याचीही विरघळली होती. या एका बाबतीत तिन्ही पोटहिस्से एकमताचे होते.

प्राध्यापक दीडला आले. सडपातळ, सौम्य, पँटला सीताफळाचे डाग. ते डब्यांपाशी बसले, खिशातून भिंग काढले आणि पाऊण तास तपासत राहिले. काकाजी मागे उभे होते. मास्तर शाळेतून अर्धी रजा काढून आले होते.

"पानं अरुंद आहेत खरी," प्राध्यापक म्हणाले. "पण मुरमात ती तशी होऊ शकतात."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

"माती एकच आहे, साहेब," काकाजी म्हणाले. "देऊळघाटची काळी. दोन वर्षं."

"ते तुम्ही सांगता. मी पाहिलेलं नाही. केन्याचं पान फसवतं. फूल पाहिलं असतं तर केसरावरून काही सांगता आलं असतं. आता मी लेखी काय देऊ?"

जन्मभर काकाजींनी इतरांना जे ऐकवले होते तेच त्यांना ऐकवले गेले होते, आणि ते रास्त आहे हे त्यांना दिसत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "फुलाशिवाय कशी सही कराल?"

सगळे ओसरीवर येऊन बसले. चहा झाला. काकूंनी आतून सगळे ऐकले होते. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळा वाटला. पाहुणा लांबून आला, घाटात उपाशी राहिला, त्याला काही खाल्ल्याशिवाय जाऊ देणे शक्य नव्हते. त्यांनी कढई चढवली, बेसन कालवले आणि मला हाक मारली.

"भाऊ, मागून केन्याचे पानं आना. भजे करतो. आता काय, ते डबे रिकामेच करा लागतीन."

मी ताट घेऊन गेलो. जी पाने हाताला आली ती खुडली. काही पहिल्या ओळीची, काही तिसऱ्या ओळीची. घरात दोन पावसाळे राहूनही मला फरक दिसत नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे.

काकूंनी ताट घेतले आणि अर्धी पाने बाजूला टाकली.

"हे काऊन आनलं, भाऊ?"

"केनाच आहे, काकू."

"हा भज्याचा केना नाही. याच्या कडेले लाट राह्यते. बेसन धरत नाही. तेलात टाकलं का बेसन एकीकडं अन् पान एकीकडं. भज्याच्या केन्याचं पान पाहा, देठापाशी तांबूस केस राह्यते. हे पाहा. त्याले नाहीत."

स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यात एक दार होते आणि ते उघडे होते. प्राध्यापकांनी कपबशी खाली ठेवली आणि ते दारात येऊन उभे राहिले.

"बाई, ते पान मुरमातलं असेल, म्हणून तसं झालं असेल."

"मुरूम कायचा?" काकू म्हणाल्या. पाठ त्यांच्याकडे होती, हात बेसनात होता. "माह्या बापाच्या मळ्यात पाटाच्या काठानं दोनी राह्यते. पानी तेच, शेनखत तेच. लहानपनापासून पाहून राह्यली. याची लाट काई जात नाही."

मग त्या थांबल्या. आपण कोणाशी बोललो हे त्यांच्या लक्षात आले. कढईतले तेल धुरावले. त्यांनी ती उतरवून ठेवली.

"म्हणजे हे दोन वेगळे आहेत?" प्राध्यापकांनी विचारले.

काकूंनी मागच्या दारातून अंगणाकडे पाहिले.

"भज्यापुरते," त्या म्हणाल्या.

प्राध्यापक गंभीर माणूस होते. त्यांनी स्वतः अंगणात जाऊन दोन्ही ओळींतली पाने आणली, सारख्या लांबीची. जिथे केस असतात तो देठाकडचा भाग त्यांनी कात्रीने कापून टाकला. पाने जुन्या धोतराच्या फडक्यात एकत्र हलवली आणि काकूंपुढे ठेवली. चाळीसेक पाने असतील.

"वेगळी करून दाखवता?"

मास्तर पुढे सरकले. काकाजी मागे सरकून भिंतीला टेकले. काकूंना काय करायचे होते ते सोपे होते. चार-सहा पाने इकडची तिकडे टाकली असती तर कोणाला काही म्हणता आले नसते. डबे गेले असते, वांगी आली असती.

त्यांनी हात पदराला पुसला आणि पाने वेगळी केली. मेथी निवडावी इतक्या वेळात झाले. एक पान किडीने खाल्लेले होते, कड उरलीच नव्हती. ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले आणि डावीकडच्या ढिगात टाकले. प्राध्यापकांनी तिसऱ्या ओळीच्या पानांना मागून कात्रीच्या टोकाने बारीक खुणा करून ठेवल्या होत्या. त्यांनी एकेक पान तपासले. एकही चुकले नव्हते.

त्यांनी ओसरीवर बसून लिहून दिले की दोन्ही वनस्पती भिन्न आहेत. शास्त्रीय नाव संग्रहाशी ताडून मागाहून कळवीन. पोटहिस्सा तीन नवा नाही, शास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. मास्तरांना हे शेवटचे वाक्य आवडले. काकाजींवर त्याचा परिणाम झाला नाही. हद्द कायम झाली होती. ती आधी कोणी मोजली हा प्रश्न वेगळा.

कागद घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. मी दारात होतो.

"तुले हे कधीपासून माहीत?"

"लहानपनापासून म्हनलं ना."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"तुमी मले फुलंच दाखवत होते. फुलाचं मले काय समजते? पानाचं इचारलं का कधी?"

काकाजींनी कागदाची घडी केली.

"चुकली असतीस तं अंगण तुहं होतं."

"चुकली असती तं देऊळघाटले काय तोंड दाखवलं असतं?" काकू म्हणाल्या आणि कढई पुन्हा चढवली. "सरका. तेल तापलं."

प्राध्यापकांनी भजी मन लावून खाल्ली आणि चारची गाडी चुकवली. रात्री ते माझ्या खोलीत झोपले. सकाळी सातला काकाजींनी त्यांना उठवून तिसऱ्या ओळीची फुले दाखवली. त्यांनी केसर पाहिले, मान डोलावली. कागदात बदल करावा लागला नाही.

दोन दिवसांनी काकाजींनी माळ्यावरची साखळी काढली आणि अंगण मोजले. करारानुसार सगळे त्यांचे होते. पण दावा उलट पक्षाच्या साक्षीवर जिंकला तर साक्षीदारास हिस्सा द्यावा लागतो, असे त्यांनी मला सांगितले. हा नियम कोणत्या पुस्तकात आहे हे मी विचारले नाही. अंगणाचे दोन भाग झाले, मधे मातीचा धुरा घातला. विहिरीकडची बाजू काकूंनी मागितली. काकाजींनी हरकत घेतली. दीड हातावरून तीन दिवस बोलणे बंद होते. विहिरीकडची बाजू काकूंना मिळाली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या वांग्यांत केना उगवला. बी डब्यांतलेच होते, तिन्ही प्रकारचे. काकू रोज सकाळी बसून तो उपटत, एक पेरसुद्धा ठेवत नसत. उपटलेल्या केन्याचे धुऱ्यावर ढीग घालत. ढीग तीन असत.